गावातली रहस्यकथा ‘अकस्मात मृत्यू’च्या नोंदीपासून सुरू होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत रहस्यकथांवर आलेला लेख वाचला. लेख माहितीपूर्ण आहे, पण त्यातलं एक विधान मला अजिबात पटलं नाही. लेखकाचं म्हणणं असं, की खेड्यातला खून आणि तो उलगडणारा हौशी शोधक हा खास इंग्रजी प्रकार आहे. आपल्याकडे तो रुजणार नाही, कारण आपल्या खेड्यात कुणाचंच काही लपून राहत नाही. खून झालाच, तर तो कुणी केला हे संध्याकाळपर्यंत पारावर सगळ्यांना ठाऊक असतं.

मी आरोग्यसेविका म्हणून पुणे जिल्ह्यात नोकरी केली. बरीचशी भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतल्या उपकेंद्रांवर. निवृत्तीनंतर कर्वेनगरला राहते आणि रहस्यकथा मनापासून वाचते. म्हणून सांगते, गावाला सगळं ठाऊक असतं हे खरं, पण गाव ते बोलत नाही. बाहेरून आलेल्या साहेबासमोर तर नाहीच नाही. ठाऊक असूनही तोंडावर न येणारी जी गोष्ट असते, तिच्यातच रहस्यकथेला जागा आहे. आपल्या गावांत ती जितकी आहे तितकी इंग्रजांच्या खेड्यांतही नसेल.

आधी त्या इंग्रजी खेड्याबद्दल. अ‍ॅगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल पहिल्यांदा छापून आली ती 1927 साली, एका मासिकातल्या लघुकथेत. काही मंडळी संध्याकाळी जमतात आणि आपापल्या माहितीतली न उलगडलेली प्रकरणं सांगतात. त्यांत एक निवृत्त पोलीस अधिकारी, एक वकील, एक पाद्री. कोपऱ्यात विणकाम करत बसलेल्या म्हाताऱ्या मार्पलबाईला कुणी जमेत धरत नाही, आणि बरोबर उत्तर तिच्याकडूनच येतं. मार्पलबाईची पहिली कादंबरी 1930 साली आली. पुढे एकूण 12 कादंबऱ्या आणि 20 लघुकथा. तिची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. ती भिंग घेऊन रांगत नाही, सिगारेटची राख तपासत नाही. समोरचा माणूस पाहून तिला आपल्या गावातलं कुणीतरी आठवतं: पैशांत घोळ करणारा दुकानदाराचा पोरगा, खोटं बोलताना जास्तच गोड होणारी मोलकरीण. माणसांचे नमुने तिला पाठ आहेत, कारण ती जन्मभर एकाच गावात राहिली आणि लक्ष देऊन राहिली.

ख्रिस्तीबाईंविषयी मला विशेष जवळीक वाटते त्याला आणखी एक कारण आहे. पहिल्या महायुद्धात त्यांनी इंग्लंडमधल्या टॉर्की गावच्या रुग्णालयात आधी परिचारिकेचं आणि मग औषधं बनवण्याच्या विभागात काम केलं. विषांचं ज्ञान त्यांना तिथे मिळालं. 1920 मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्याच कादंबरीतल्या विषाच्या अचूकतेची तारीफ औषधशास्त्राच्या नियतकालिकाने केली होती. मात्रा, चव, कशात विरघळतं, किती वेळाने भिनतं, हे बाटल्या हाताळलेल्या माणसाला माहीत असतं, आणि वाचणाऱ्याला ते लगेच जाणवतं.

आता आपल्याकडे येऊ. इंग्रजी कथेत दिवाणखान्यात प्रेत सापडतं, छातीत सुरी असते, आणि पहिल्या पानापासून सगळे म्हणतात, खून झाला. प्रश्न एवढाच, की कुणी केला. आपल्या गावात गोष्ट त्याच्या आधी सुरू होते. आपल्याकडे माणूस विहिरीत पडतो. त्याला पान लागतं, म्हणजे साप चावतो. मोटर चालू करताना करंट बसतो. फवारणीचं औषध चुकून पोटात जातं. सुनेचा पदर पेटतो. पोलीस ठाण्यात नोंद होते ती ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून. बहुतेक वेळा ती नोंद खरीच असते. मी अशा घरांत जाऊन बसले आहे, त्या दुःखावर संशय घेण्याचं पाप कुणी करू नये. पण त्या रजिस्टरमध्ये एखादी नोंद अशीही असू शकते, की जिथे कुणीतरी ढकललेलं आहे. आपल्या रहस्यकथेचा पहिला प्रश्न म्हणूनच निराळा आहे. मारलं कुणी हे नंतर. मारलं का, हेच आधी सिद्ध करायचं आहे. गावाला वाटतंय की झाकलेलं झाकलेलंच राहू दे, आणि एका माणसाला तसं वाटत नाही. याहून मोठा पेच मराठी लेखकाला कुठे मिळणार?

कायद्याची चौकटही या कथेला किती सोयीची आहे ते पाहा. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम 1967 चा आहे. त्या कायद्याखालचा पोलीस पाटील गावातलाच माणूस असतो. संशयास्पद मृत्यूची खबर ठाण्याला देणं हे त्याचं काम. खबर गेली की पोलीस येतात, मृतदेहाचा पंचनामा होतो आणि त्यावर पंच म्हणून आसपासच्याच प्रतिष्ठित रहिवाशांच्या सह्या घेतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली चालायचं. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली चालतं. म्हणजे खबर देणारा गावातला, पंच गावातले, आणि मेलेलाही गावातला. पोलीस पाटलाची बायको मयताची चुलत बहीण असते, एका पंचाने मयताकडून उसने पैसे घेतलेले असतात, दुसऱ्याचा बांध त्याच्या बांधाला लागून. यातला कुणीही वाईट नाही. पण प्रत्येकाला उद्याही त्याच गल्लीतून चालायचं आहे.

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई संशयास्पद रीतीने गेली तर कायदा जास्त कडक आहे. तिथे शवविच्छेदन आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी येते. ही तरतूद का करावी लागली हे गावात काम केलेल्या कुठल्याही बाईला विचारा. आणि सात वर्षं उलटून गेलेल्या बाईचं काय, हा प्रश्न एखाद्या लेखकाने जरूर हातात घ्यावा.

नर्सबाईला काय दिसतं, तेही सांगते. शेतावर फवारायच्या ऑर्गॅनोफॉस्फरस जातीच्या औषधाने विषबाधा झाली की डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो. धोतऱ्याची बाधा नेमकी उलटी: बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, माणूस बरळतो, हवेत काहीतरी पकडायला बघतो. घोणस चावली तर सूज येते, रक्त थांबत नाही. मण्यार मात्र रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंशाची खूण धड दिसत नाही, सकाळी पोटात दुखतं म्हणतो आणि पापण्या मिटायला लागतात. ‘साप चावला’ म्हणून सांगितलेल्या माणसाच्या बाहुल्या टाचणीएवढ्या असतील आणि तोंडातून लाळ गळत असेल, तर उपकेंद्रावरच्या बाईला तिथल्या तिथे कळतं की सांगितलेली गोष्ट आणि समोरचं शरीर जुळत नाही. पुढे तिने काय करायचं? तिथून तुमची कादंबरी सुरू.

बोलण्यापेक्षा नमुनाच देते. मी रचलेला आहे, कुठल्याही खऱ्या घटनेचा नाही. मावळतीकडच्या एखाद्या गावातला साठीचा एकत्र कुटुंबातला थोरला भाऊ पहाटे नदीकाठच्या मोटरीजवळ मरून पडलेला सापडतो. घरचे सांगतात, रात्री दोनच्या सुमाराला दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला गेला होता, स्टार्टरला करंट आला. तालुक्याहून साहेब येतात, ओली जमीन पाहतात, सोललेली वायर पाहतात. ओल्या अंगाला बसलेल्या धक्क्याची खूण कातडीवर कधी कधी उमटतच नाही, त्यामुळे डॉक्टर मत राखून ठेवतात, व्हिसेरा, म्हणजे पोटातले अवयव, तपासणीसाठी राखून ठेवतात. यात कुणाचाही हलगर्जीपणा नाही.

गावातल्या आशाताईला मात्र तीन गोष्टी खटकतात. पहिली, शेतीपंपांना थ्री-फेज वीज काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. त्या गावाचा शेतीचा फीडर गावठाणाच्या लाइनपासून वेगळा आहे आणि त्या आठवड्यात पाळी दिवसाची होती. तिचा स्वतःचा नवरा सबंध आठवडा उन्हात पाणी देत होता. मग रात्री दोन वाजता स्टार्टरमध्ये करंट आला कुठून? दुसरी, जो माणूस दारं धरायला जातो तो अनवाणी चिखलात उभा राहतो, हातात खोरं आणि बॅटरी असते. याचे तळवे स्वच्छ. तिसरी गोष्ट तिच्या रजिस्टरमध्येच आहे. थोडेच दिवस आधी तिनेच त्याला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला नेलं होतं. डोळ्यांत पाणी, धूळ जाऊ द्यायची नाही, वाकायचं नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि तो एवढा जपणारा माणूस की थेंबांच्या वेळा तिला फोन करून पुन्हा विचारायचा. तो रात्री चिखलात जाईल?

पाहा, यातली एकही गोष्ट गुप्त नाही. विजेची पाळी गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. तळवे उचलणाऱ्या प्रत्येकाने पाहिले. शस्त्रक्रियेची बातमी घरोघर होती. तरी तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहणारी एकच बाई निघाली. बुद्धिमान लेखक इथे पळवाटाही तपासेल: कुणी गावठाणाच्या तारेवर आकडा टाकला होता का? त्या रात्री पाळी ऐनवेळी बदलली होती का? वाचकाला या शक्यता आधी दाखवायच्या आणि मग एकेक करून मिटवायच्या. मला या प्रकारातला सर्वांत मोठा आनंद तोच वाटतो.

आणि हेतू? पुण्याच्या आसपासच्या गावांत तो शोधत जायला नको. रस्ते आले, रिंगरोडची मोजणी झाली, प्लॉटिंग झालं, आणि ज्या खडकाळ तुकड्याकडे आज्याने ढुंकून पाहिलं नव्हतं त्याला सोन्याचा भाव आला. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. तेव्हापासून कित्येक घरांत बहिणीच्या हक्कसोडपत्रावरची सही हा सणावारी निघणारा विषय झाला आहे. माझ्या नमुन्यातला थोरला भाऊ म्हणत होता, बहिणींना त्यांचा वाटा द्यायचा. धाकट्यांनी जमीन विकायचा विसार आधीच घेऊन ठेवला होता. फेरफाराची नोंद, सातबारावरची नावं, विसारपावतीची तारीख, ही तीन कागदपत्रं नीट वाचणारा शोधक गुप्त भुयारांच्या शंभर गोष्टींना भारी पडेल.

ख्रिस्तीबाईंनी 1950 मध्ये एक कादंबरी लिहिली. तिची सुरुवात गावच्या वृत्तपत्रातल्या एका छोट्या जाहिरातीने होते: अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक घरात खून होणार आहे. त्यात मार्पलबाई एक खंत बोलून दाखवतात. पूर्वी गावात नवा माणूस आला तर त्याला कुणीतरी ओळखत असायचं. युद्धानंतर लोक येतात, घरं घेतात, आणि ते स्वतःविषयी सांगतील तेवढंच आपण खरं मानतो. मुळशी, मावळ, पानशेतच्या बाजूला आज हेच चाललं आहे. फार्महाऊसचा मालक कोण, हे फक्त वॉचमनला माहीत, आणि वॉचमन परराज्यातला. लेख लिहिणाऱ्यांना वाटतं तसं ‘सगळ्यांना सगळं माहीत’ असलेलं गाव आता उरलेलंच नाही. अर्धं गाव एकमेकांना नको तितकं ओळखतं आणि अर्धं गाव अनोळखी आहे. रहस्यकथेला याहून सुपीक जमीन नाही.

मराठीत रहस्यकथेची परंपरा मोठी आहे, हे लेखात आलं ते योग्यच. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांवर एक पिढी वाढली. पण ते जग मुंबईचं, मोटारींचं, पिस्तुलांचं. हौशी शोधकाचा खरा मराठी अवतार मला विचाराल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा पोरगा, पुण्यात शिकायला आलेला, सायकलवर फिरणारा, ज्याच्याकडे ना अधिकार ना बिल्ला, फक्त डोळे उघडे. तो मोठ्यांच्या साहित्यात वाढला नाही याची मला खरोखर हळहळ वाटते. त्यानंतर कुणी गावाकडची रहस्यकथा लिहायला घेतली की तिसऱ्या प्रकरणात पुण्याहून नाहीतर मुंबईहून एक तडफदार इन्स्पेक्टर जीपमधून उतरतोच. त्याला गावातलं काही कळत नाही, आणि तरी उलगडा तोच करतो. गावकरी फक्त घाबरतात, दारू पितात किंवा खोटं बोलतात. गावातल्या माणसाला बुद्धी असते हे लेखक मंडळी कधी मान्य करणार?

शोधक गावातलाच हवा, आणि माझ्या मते ती बाई हवी. आशाताई, अंगणवाडीताई, जुनी सुईण, शाळेत खिचडी शिजवणारी, टपाल वाटणारी. या बायकांना प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरापर्यंत जाता येतं. तलाठ्याला ओटीवर बसवतात, पोलिसाला अंगणात. आम्हाला चुलीजवळ पाट मिळायचा. कोणत्या घरात सून जेवली नाही, कुठे म्हाताऱ्याची गोळी बंद केली, कोणत्या घरात पहाटे भांडी घासल्याचा आवाज नेहमीपेक्षा लवकर आला, हे आम्हाला न विचारता कळायचं. हिवतापाच्या सर्वेक्षणाला येणारा आरोग्य कर्मचारी भेटीची तारीख घराच्या भिंतीवर रंगवलेल्या तक्त्यात लिहून जायचा. ‘त्या दिवशी आम्ही घरी नव्हतो’ म्हणणाऱ्याच्या भिंतीवर त्याच दिवसाची तारीख, ही एक खूण मी लेखकांना फुकट देते. मुक्कामी एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर ही दुसरी. रात्री गावात झोपतात, पहाटे गाडी घेऊन जातात, गावाचे कुणीच लागत नाहीत आणि रात्री कुणाच्या दारात दिवा होता ते त्यांना दिसलेलं असतं. त्यांना जबाब कुणी विचारतच नाही.

मात्र एक पथ्य पाळलं पाहिजे. 1929 साली रोनाल्ड नॉक्स या लेखक-धर्मगुरूने रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. दैवी चमत्काराने उलगडा नको. आजवर न सापडलेलं विष नको. शोधकाला दिसलेला दुवा वाचकालाही दिसला पाहिजे. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये डिटेक्शन क्लब स्थापन झाला. ख्रिस्तीबाई त्यात होत्या. तिथे सदस्याला शपथ घ्यावी लागे, की माझे शोधक ईश्वरी संकेत, योगायोग आणि ‘बायकांचं अंतर्ज्ञान’ यांचा आधार घेणार नाहीत. या शेवटच्या शब्दांवर मी बराच विचार केला आहे, आणि ते मला पूर्ण मान्य आहेत. आशाताईला जे कळलं ते अंतर्ज्ञान नव्हतं. विजेचं वेळापत्रक, तळवे आणि रजिस्टर होतं. बाईच्या निरीक्षणाला ‘तिला आतून वाटलं’ म्हणून संपवणं हा त्या बाईचा अपमान आहे. तसंच उलगडा देवऋष्याने किंवा अंगात आलेल्या बाईने करायचा नाही. ते पात्र म्हणून जरूर यावेत, गावाला घाबरवून गप्प बसवणारे म्हणून यावेत. 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा करणाऱ्या राज्यातल्या लेखकाने उत्तर मात्र पुराव्यातूनच द्यावं.

आणि सत्य कळल्यावर? इन्स्पेक्टर जीपमध्ये बसून निघून जातो. आशाताई जाऊ शकत नाही. तिचं घर त्याच आळीत, तिची पोरगी त्याच शाळेत, आणि ज्याच्यावर तिचा संशय आहे त्याच्या सुनेचं बाळंतपण पुढच्या महिन्यात तिच्याच यादीत. ठाण्यातला हवालदार मयताच्या भावाबरोबर चहा पितो हे तिने पाहिलंय. नव्या संहितेत हद्दीबाहेरच्या ठाण्यातही शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, म्हणून ती पहाटेच्या एसटीने स्वारगेटला उतरते, पिशवीत रजिस्टर. नोंदवावं की त्याच गाडीने परत जावं? हा प्रसंग नीट लिहिला गेला तर ती फक्त रहस्यकथा राहणार नाही. चांगली कादंबरी होईल.

तेव्हा संपादक महोदय, माझी मागणी सरळ आहे. आपण पुरवणीत एक क्रमशः रहस्यकथा सुरू करावी. घटना पुणे जिल्ह्यातल्या एका गावात घडावी, शोध त्याच गावातल्या, वर्दी नसलेल्या माणसाने लावावा, आणि शेवटच्या भागाआधी एक आठवडा थांबून वाचकांची उत्तरं मागवावीत. भोर, जुन्नर, इंदापूर, शिरूरची मुलं आज उत्तम लिहितात. त्यांना हे काम द्या. कोथरूडच्या गच्चीवर बसून खेडं लिहिणाऱ्यांना नको. औषधं, दंश, मोतीबिंदू, उपकेंद्राची रजिस्टरं याबाबत कुणाला काही विचारायचं असेल तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहेच. मसुदा पाठवला तर मी तो शेवटच्या पानापर्यंत वाचेन आणि चुकलेली मात्रा लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवेन.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
कर्वेनगर, पुणे
(नाव छापू नये, ही विनंती.)